पावसाळ्यात मॉडेल गाड्यांना फोड येतात: बिघाड रंगात आहे की धातूत?

आषाढ लागला की डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या मॉडेल गाड्या जमवणाऱ्यांच्या गप्पांत त्याच त्या तक्रारी सुरू होतात. कुणाच्या १:१८, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढ्या जग्वारच्या बॉनेटवर घामोळं यावं तसं बारीक पुरळ उठलेलं असतं. कुणी १:५० चा जुना ट्रक वर्षानुवर्षं मूळ खोक्यात जपून ठेवलेला असतो आणि बाहेर काढावा तर दाराच्या कडेला रंग फुगलेला. कुणाच्या डिंकीची, म्हणजे त्या नावाच्या जुन्या ब्रिटिश खेळण्यातल्या गाडीची चॅसी (खालचा सांगाडा) मधोमध तडकलेली, टपाला बोट लावलं तर तुकडाच हातात येतो. तिघांनाही सल्ला मिळतो तो एकच: ‘सिलिका जेल टाक.’

सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे मणी, उपयोगी आहेतच, पण ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत. पहिल्याला जेल पुरतं. दुसऱ्याला खोक्यातलं पॅकिंग बदलल्याशिवाय उतार पडत नाही. तिसऱ्यावर औषधच नाही, फक्त वेग कमी करता येतो. त्यामुळे काहीही विकत आणण्याआधी बिघाड रंगाखालीच थांबलाय की धातूत शिरलाय ते ठरवायचं. बहुतेकांचे पैसे आणि गाड्या दोन्ही इथेच वाया जातात.

धातूची गोष्ट

आपल्या गाड्या लोखंडाच्या नसतात. चुंबक लावून बघा, एक्सल आणि एखाददुसरा स्क्रू सोडला तर कुठेच चिकटणार नाही. बॉडी असते जस्ताच्या मिश्रधातूची: सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, काही प्रकारांत थोडं तांबं, बाकी सगळं जस्त. न्यू जर्सी झिंक या अमेरिकी कंपनीने १९२९ च्या सुमारास हे मिश्रण बसवलं आणि त्याला झॅमॅक नाव दिलं. इंग्लंडमध्ये तेच मॅझॅक म्हणून विकलं गेलं. कमी तापमानाला वितळतं, साच्यात भरभर भरतं, रेडिएटरच्या जाळीची रेघन् रेघ उठते. खेळण्यांसाठी याहून सोयीचा धातू मिळणं कठीण.

खोड एकच. त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलेलं चालत नाही. शिशाची मर्यादा ०.००५ टक्के धरतात, म्हणजे किलोभर धातूत ५० मिलिग्रॅम. त्याहून जास्त झालं तर ते जस्ताच्या कणांच्या सांध्यांत जाऊन बसतं. दमट हवेतलं पाणी त्या सांध्यांतूनच आत आत गंज नेतं. गंजलेलं जस्त मूळ जस्तापेक्षा जास्त जागा मागतं, म्हणून गाडी फुगते, वाकते, तडकते आणि शेवटी बिस्किटासारखी चुरते. संग्राहक याला झिंक रॉट म्हणतात, जुने ब्रिटिश संग्राहक मेटल फटीग म्हणत.

याची सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणं लिव्हरपूलची. फ्रँक हॉर्नबींच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस छोट्या गाड्यांचा पहिला संच काढला, १९३४ मध्ये त्याला डिंकी टॉइज हे नाव मिळालं. त्या पहिल्यावहिल्या गाड्या शिशाच्या होत्या, आणि गंमत अशी की त्यांना हा रोग होत नाही. पुढे कारखाना मॅझॅकवर गेला. ज्या छपराखाली शिसं वितळत होतं तिथेच जस्तही वितळू लागलं, आणि भट्टीत थोडीफार भेसळ झाली असं मानलं जातं. परिणाम असा की दुसऱ्या महायुद्धापूर्वीची डिंकी धडधाकट मिळाली तर नशीब समजायचं. युद्धानंतरच्या, म्हणजे १९४७ मध्ये आलेल्या फोडेनच्या आठचाकी ट्रकसारख्या मॉडेलांत हा त्रास क्वचित दिसतो. तरीही ‘नवं आहे म्हणजे सुरक्षित’ असं धरू नका. चीनमध्ये २००० च्या दशकात ओतलेल्या काही महागड्या मॉडेलांतही झिंक रॉट निघालाय. कारण तेच, धातूत भेसळ.

हा रोग संसर्गजन्य नाही. एका तडकलेल्या डिंकीमुळे शेजारच्या गाडीला काही होत नाही. दोघी एकदम बिघडल्या तर दोघींनाही एकच ओल लागलेली असते, किंवा दोघी एकाच खराब घाण्यातून ओतलेल्या असतात.

तपासणी

गाडी दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी न्या. काचेचा सपाट तुकडा घ्या, आरसाही चालेल, आणि गाडी त्यावर उभी करा. चारही चाकं टेकतात का? एका कोपऱ्यावर बोट ठेवल्यावर गाडी डुगडुगते का? पूर्वी डुगडुगत नव्हती आणि आता डुगडुगत असेल तर चॅसी वाकतेय. दारं, बॉनेट, डिकी उघडून बघा. पूर्वी सहज लागणारं दार आता अडकत असेल तर रंगापेक्षा चौकटीवर संशय घ्या, धातू फुगून फट खातोय. नंतर गाडी उलटी करा. रंग नसलेल्या भागावर, स्क्रूच्या खांबांभोवती, एक्सल जिथून जातो त्या कानांवर केसासारख्या रेषा दिसतात का ते भिंगातून पाहा. झिंक रॉटचा पहिला पुरावा बहुतेक वेळा तिथेच मिळतो, कारण तो धातू जाड असतो आणि फुगल्यावर त्याला सरकायला जागा नसते.

रंगातला फोड वेगळा दिसतो. तो गोल असतो, आजूबाजूला रेष नसते आणि टूथपिकच्या लाकडी टोकाने अगदी हलकं दाबलं तर किंचित दबतो. बऱ्याचदा तो एकटा नसतो, पुंजका असतो, आणि पुंजक्याच्या आकारावरून कारण कळतं. दारावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेली होती आणि फोड नेमके त्या पट्टीच्या रुंदीत आहेत, तर गुन्हेगार पट्टी. टपावर थर्माकोलच्या खाचेचा ठसा उमटलाय, तर खोकं. बॉनेटवर अंगठ्याएवढ्या जागेत पुरळ आहे, तर बहुधा खरोखरच कुणाचा तरी अंगठा. घामातलं मीठ रंगावर राहिलं की ते हवेतलं पाणी धरून ठेवतं. कारखान्यात धुताना रंगाखाली क्षार राहिले असतील तर तेही पाणी खेचतात आणि रंग आतून उचलला जातो.

तरीही शंका उरली तर हवाबंद डब्यात भरपूर सुक्या जेलसोबत गाडी दोन-तीन आठवडे ठेवा. आधी आणि नंतर एकाच कोनातून, एकाच उजेडात फोटो काढा. पाण्याचे फोड वाळल्यावर बसतात, निदान उंची तरी कमी होते. धातूतला बिघाड बसत नाही. फोड सुईने फोडून बघायचा मोह आवरा. भोक पडलं की ओल सरळ धातूपर्यंत पोचते, आणि आजवर जो डाग कपाटाच्या काचेतून दिसत नव्हता तो आता दिसायला लागतो.

महागड्या गाडीबद्दल संशय पक्का होत नसेल तर व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पकडीने) पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर मोजून तारखेसह चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी खोक्यात टाका. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. चाकं सरळ करून, नेहमी एकाच बाजूने मोजायचं. अंतर वाढत चाललं तर वेगळा पुरावा लागत नाही.

ओल येते कुठून

जुलैत मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, अलिबाग-रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत तेच. वर समुद्रावरून येणारे मिठाचे कण. पुण्याला उन्हाळा कोरडा जातो, पण पावसाळ्यात आणि डोंगराच्या बाजूला पुणेकरांनीही फार फुशारकी मारू नये. नागपूरला ओल कमी, पण मे महिन्यात माळ्यावरचं तापमान रबराची आणि गोंदाची वाट लावतं.

आता थोडा हिशेब. ३० अंशांना पूर्ण संपृक्त हवेच्या घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे शंभर लिटरच्या कपाटात, अगदी भर पावसातही, हवेतलं पाणी तीन ग्रॅमपेक्षा कमी. एवढंसं पाणी जेलची छोटी पुडीही गिळेल. मग पुड्या टाकूनही कपाट दमट का राहतं? कारण पाणी हवेत नसतं, पुठ्ठ्यात असतं. सर्दावलेला पुठ्ठा स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी धरून बसतो. कपाटात पाच किलो खोकी असतील तर अर्धा लिटर पाणी तुम्हीच आत कोंडलेलं असतं. दार घट्ट लावलं की जेल पुठ्ठ्यातलं पाणी ओढत बसतं आणि आठवड्याभरात थकतं. म्हणून गाड्या आणि खोकी वेगवेगळी ठेवा. खोक्यांना किंमत आहे हे मान्य, जुन्या डिंकीची निम्मी किंमत खोक्यात असते. ती सपाट न करता दुसऱ्या डब्यात ठेवायची, आणि त्यांनाही बंद करण्याआधी एसीच्या खोलीत एक-दोन दिवस मोकळं सोडायचं.

एसीचंही बघायला हवं. रात्रभर एसी चालतो, सकाळी बंद करून कुणीतरी खिडकी उघडतं. बाहेरची गरम दमट हवा आत येते आणि थंड झालेल्या धातूवर दव धरतं. १:१८ गाडीत धातू भरपूर, ती लवकर तापत नाही, म्हणून तिच्यावर दव जास्त वेळ राहतं. शोकेस झोपण्याच्या खोलीत असेल तर दाराला रबरी पट्टी हवीच, किंवा शोकेस दिवाणखान्यात हलवायची. पश्चिमेची, पावसाचा मारा घेणारी भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळायची. दुसरी जागाच नसेल तर कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळू द्या.

कपाट स्वतःच वाफ सोडतं

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नवं प्लायवूड, एमडीएफ आणि सुताराचा पांढरा गोंद, सगळ्यांतून कमी-अधिक प्रमाणात आम्लाची वाफ निघत राहते, मुख्यतः अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची. संग्रहालयांत शिशाच्या आणि जस्ताच्या वस्तू लाकडी कपाटांत ठेवायच्या म्हटलं की म्हणूनच सावधगिरी बाळगतात. रंगाखालच्या जस्ताला आणि खास करून रंग नसलेल्या चॅसीला ही वाफ लागली की पिठासारखी पांढरी बुकटी दिसू लागते. नवं कपाट केलं, दिवाळीत गाड्या मांडल्या आणि होळीपर्यंत चॅसी पांढरी पडली, ही गोष्ट ऐकली की मी सुताराने कुठला गोंद वापरला ते आधी विचारतो.

काचा चिकटवायला वापरतात त्या सिलिकॉनचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते अॅसेटिक प्रकारचं आहे. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ मागा, मिळतं. लाकडाचंच कपाट ठेवायचं असेल तर प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि सगळ्या कडांना सनमायका लावून घ्या आणि गाड्या मांडण्याआधी महिना-दीड महिना दारं सताड उघडी ठेवा. काच आणि पावडर कोटिंगचं लोखंड हे सगळ्यात निर्धोक, दिसायला जरा दवाखान्यासारखं वाटतं एवढंच.

झुरळं, वाळवी यांच्या धास्तीने कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मॉडेलांच्या कपाटात हे अजिबात नको. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या खिडक्या, दिवे, आतल्या सीट्स मऊ करते आणि काही रंगही चिकट होतात.

मूळ खोक्यातला फोम त्याच जातीचा. स्पंजासारखा मऊ पॉलियुरेथेन फोम दमट हवेत स्वतःच सडतो, आधी पिवळा होतो, मग चिकट, मग त्याचे कण रंगावर बसतात आणि निघता निघत नाहीत. फोमचा रंग बदललाय असं दिसलं की त्याच दिवशी तो बाहेर काढा. गाडी आम्लरहित टिश्यू कागदात सैल गुंडाळा. दारांखाली घातलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, आरशांना लावलेल्या पिशव्या, सगळं काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. ‘कधी न उघडलेलं’ म्हणून जपलेल्या गाड्यांना सगळ्यात जास्त फोड येतात ते यामुळेच.

जेल आणि मीटर

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर घ्या, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या वाळूइतपत भिजवा, पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास सोडा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे नेहमी पाच मिळवून वाचा.

कपाटात ४५ ते ५० टक्के मिळाले तर उत्तम. कोकणात ५५ ला थांबलं तरी मी समाधान मानतो. साठच्या वर आठवडाभर राहिलं तर जेल बदलायची वेळ झाली. रोज चाळीस-ऐंशी असं हेलकावे खाण्यापेक्षा पंचावन्नवर स्थिर राहिलेलं परवडतं.

निळ्या मण्यांच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला बरं नाही, त्यामुळे केशरी मण्यांचं घ्या. जेल मध्यम दमट हवेत आपल्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं पाणी घेतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. पसरट ट्रेमध्ये पातळ थर करा आणि गार होण्यासाठी उघड्यावर न ठेवता झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर गार होता होता ते स्वयंपाकघरातलीच ओल पिऊन घेईल. मणी जाळीच्या कापडी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी ठेवा.

किराणा दुकानात मिळणाऱ्या ‘ओल शोषणाऱ्या’ डब्यांत आणि लटकवायच्या पिशव्यांत बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं. ओल ती खरंच भरपूर ओढते. पण खाली जमतं ते खारं पाणी, आणि ते कलंडलं किंवा थेंब थेंब गळलं तर जस्ताचा शत्रूच घरात आणून ठेवल्यासारखं होतं. कपड्यांच्या कपाटात वापरा, गाड्यांच्या नको.

पांढरी बुकटी आली असेल तर

गाडीला पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका. पितळेला चकाकी देणारं आम्ल जस्त खाऊन टाकतं. मऊ कोरड्या ब्रशने बुकटी झाडा, तोंडाला मास्क लावा, झाल्यावर हात धुवा. धातूच्या किटमधून जोडलेली जुनी १:४३ मॉडेलं असतील तर जास्तच, कारण त्यांच्या व्हाइट मेटलमध्ये (कमी तापमानाला वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूत) अनेकदा शिसं असतं आणि पांढरी पूड विषारी असू शकते. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित भिजवलेल्या कॉटन बडने पुसा आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेने लगेच वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातही क्षार असतात. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, घासकण असलेलं पॉलिश नव्हे. चाकांपाशी तपकिरी डाग असतील तर तो पोलादी एक्सलचा गंज. तिथे टाचणीच्या टोकावर येईल एवढंच सिलिकॉन तेल पुरतं. शिवणयंत्राचं तेल टायरच्या रबराला फुगवतं.

टायर

‘टायर वितळले’ ही तक्रार ओलीची नसली तरी तिच्याच जोडीने येते. मऊ पीव्हीसी टायरमध्ये लवचीकपणासाठी प्लॅस्टिसायझर घातलेला असतो. वर्षं जातात तसा तो बाहेर येतो आणि ज्या पॉलिस्टायरीनच्या रिमला किंवा डिस्प्लेच्या तळाला टेकलेला असतो त्याला विरघळवतो. गाडी उचलली की खाली चार काळे खड्डे. अडकलेली गाडी ओढू नका. दातांत फिरवायचा मेण लावलेला धागा टायरखालून सरकवत न्या, सुटते. तळ अॅक्रिलिकचा असेल तर साबणाच्या पाण्यानेच पुसा, स्पिरिट लावलं तर बारीक तडे जाऊ शकतात. पुढे असं होऊ नये म्हणून चॅसीखाली छोटा ठोकळा देऊन चाकं केसभर अधांतरी ठेवायची. त्यामुळे टायर चपटेही होत नाहीत. ठोकळ्यावर पॉलिथिनचा तुकडा ठेवा, पॉलिथिनला प्लॅस्टिसायझर सहसा लागत नाही.

झिंक रॉटच निघाला तर

भेसळ धातूत आहे, ती काढता येत नाही. वरून रंग, लाख, मेण काहीही लावलं तरी आतला गंज थांबत नाही, कारण ओल आधीच सांध्यांत शिरलेली असते. कमी आर्द्रता आणि थंड, स्थिर तापमान यांनी त्याला बराच काळ संथ ठेवता येतं, म्हणून अशा गाड्यांची जागा माळ्यावर नाही, दिव्याखालीही नाही. खालच्या कप्प्यात, आतल्या भिंतीकडे, हवाबंद डब्यात, जेलसोबत. उचलताना टपाला धरू नका, खालून तळहात द्या.

पडू पाहणारा तुकडा धरून ठेवायचा असेल तर पाण्यासारखा पातळ सुपरग्लू तड्याच्या कडेला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. आधी खिडक्यांचं प्लॅस्टिक काढून ठेवा, नाहीतर गोंदाच्या वाफेने काचा पांढुरक्या होतील. गाडी दुर्मीळ असेल आणि अजून आकारात असेल तर तिचा सिलिकॉन साचा आत्ताच काढा आणि रेझिनची प्रत ओतून घ्या. चुरल्यावर साचा कशाचा काढणार?

धातू ठणठणीत असेल, फक्त रंग गेला असेल, तर पुन्हा रंगवता येतं. जुना रंग काढायला गाडी कॉस्टिक सोड्यात रात्रभर टाकण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. कॉस्टिक जस्तालाही विरघळवतं, सकाळी नंबर प्लेटवरचे उठावाचे आकडे गुळगुळीत झालेले दिसतील. पेंट रिमूव्हर लावून ब्रशने काढा, स्वच्छ धुवा, पूर्ण वाळवा. त्यावर सरळ हार्डवेअरच्या दुकानातला एनॅमल चढवला तर तो जस्तावर टिकत नाही, काही वर्षांत पोपडे निघतात. आधी एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर, मग रंग. आणि युद्धापूर्वीच्या किंवा मूळ रंगाच्या जुन्या गाडीला हे करण्याआधी दहा वेळा विचार करा. फोड आलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा जवळपास नेहमीच जास्त भाव खातो.

विकत घेताना

चोरबाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गाडी हातात आली की आधी उलटी करा. बॅटरीचा उजेड तिरपा टाका, सरळ टाकला तर तडा दिसत नाही. रंग नवा आणि चॅसी जुनी असेल तर तडा बुजवलेला असण्याची शक्यता धरा. कलकत्त्याच्या निकी टॉइजसाठी डिंकीचे जुने साचे भारतात आले होते. त्या गाड्या इथे अधूनमधून मिळतात आणि त्यांचा रंग मुळातच जाड, ओबडधोबड असतो. त्या जाड रंगातले थेंब आणि ओघळ पाहून फोड समजू नका. टूथपिकने दाबून पाहा, दबले नाहीत तर तो कारखान्याचाच हात आहे. घासाघीस मात्र जरूर करा.

घरी आणलेली गाडी लगेच कपाटात नको. पारदर्शक डब्यात, जेलसोबत, पूर्ण पावसाळा वेगळी ठेवा. रोग पसरतो म्हणून नव्हे, तर तिच्या फोमला, खोक्याला आणि रंगाला काय काय सवयी आहेत ते तुम्हाला अजून माहीत नाही म्हणून. ऑक्टोबरमध्ये काढून आरशावर उभी करा, व्हर्निअरने मोजा, चिठ्ठी लिहा, आणि मग कप्पा द्या.